आवाज दीदींचा, गळा कुणाचा?

गेल्या दिवाळीत मावसभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप टाकली. पडद्यावर लता मंगेशकरांचा पांढऱ्या साडीतला फोटो आणि मागे त्यांच्या आवाजात एक सिनेमातलं गाणं. हे गाणं बाजारात आलं तेव्हा दीदी जाऊन दोन वर्षं झाली होती. पाच मिनिटांत जोडलेल्या हातांच्या आणि भरलेल्या डोळ्यांच्या इमोजींची रांग लागली.

मिरजेची मावशी तेव्हा आमच्याकडेच होती. चाळीसेक वर्षं तिने घरात पेटी घेऊन गाण्याचे क्लास चालवलेत. तिने चष्मा कपाळावर सरकवला, फोन कानाशी धरला, एक कडवं ऐकलं आणि फोन परत माझ्या हातात दिला.

"आवाज त्यांचाच आहे रे. पण गातंय दुसरंच कुणी. पोरगी आहे कुणीतरी, पंचविशीतली. मुरकी बघ कशी घाईत घेते. आणि श्वास तोडलाय शब्दाच्या पोटात!"

श्वासावर तिने बरोबर बोट ठेवलं होतं. श्वास कुठे घ्यायचा आणि तो मायक्रोफोनला कळू न देता कसा घ्यायचा, हे आपण संगीतकार अनिल विश्वास यांच्याकडून शिकलो, असं दीदी स्वतः सांगायच्या. ज्या बाईने श्वास लपवायची शिकवणी घेतली ती "जिंदगी"तल्या 'जिं'नंतर धापा कशाला टाकेल?

एआय म्हणजे काय हे मावशीला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची हौसही नाही. पण या तंत्राचं सगळं मर्म तिच्या पहिल्या दोन वाक्यांत आहे, आणि गंमत म्हणजे ती दोन्ही शब्दशः खरी आहेत. ती कशी, ते सांगतो.

आधी गळ्याकडे बघू. गाताना आपल्या स्वरयंत्रातल्या पट्ट्या थरथरतात. सेकंदाला ४४० वेळा थरथरल्या तर पेटीवरची पांढरी सहा लागते, ८८० वेळा थरथरल्या तर तीच पांढरी सहा एक सप्तक वर जाते. हा झाला सूर. पण या पट्ट्यांचा आवाज नुसता ऐकायला मिळाला तर तो जत्रेतल्या पिपाणीसारखा वाटेल. बाई आहे की बुवा, शेजारचा राजू आहे की भीमसेनजी, काही म्हणजे काही ओळखू येणार नाही. ती ओळख वरच्या पोकळ्या देतात. घसा, तोंड, टाळू, नाक यांचा प्रत्येकाचा आकार निराळा. मूळ आवाजातले काही बारीक सूर ही पोकळी फुगवते, काही दाबते. तंबोऱ्याचं बघा ना. तीच तार, तीच जवारी; पण भोपळा बदला, तंबोरा दुसराच बोलायला लागतो. माणसाचा भोपळा जन्मभर त्याच्या मानेवर असतो. त्यातून जो रंग येतो त्याला आपण आवाजाची जात म्हणतो, पोत म्हणतो.

सूर आणि पोत झाले. राहिली ती गायकी. कुठल्या सुरावर किती रेंगाळायचं, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड किती ओढायची, 'चांदणं'मधला 'च' कसा लावायचा, समेवर यायचं की तिला हूल द्यायची. ही गोष्ट गळ्यात नसते. ती गुरूकडे, घरात, रेडिओसमोर वर्षानुवर्षं जमत गेलेली असते.

आता यंत्राकडे. यंत्राच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची माळ. सीडीवर एका सेकंदाच्या गाण्यासाठी डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला ४४,१०० आकडे असतात. या माळेवरून कुणाचा आवाज आहे ते ओळखणं अवघड, म्हणून आधी तिचं एक चित्र केलं जातं. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर खर्ज ते तार, आणि जिथे जोर जास्त तिथे रंग गडद. मींड घेतली की या चित्रात एक झोकदार रेघ उमटते, 'स' म्हटलं की वरच्या भागात नुसती भुरभुर दिसते. मी पहिल्यांदा हे चित्र बघितलं तेव्हा मला पैठणीचा काठ आठवला होता. यंत्र असली हजारो चित्रं बघून त्यांतली नक्षी शिकतं आणि मग तशाच नक्षीचं नवं चित्र काढून ते परत आवाजात बदलतं.

पूर्वीची पद्धत अगदी वेगळी होती. स्टेशनावर "गाडी क्रमांक... एक... दोन... एक... दोन..." असं ठेचकाळत ऐकू यायचं. एका बाईंनी सुटे शब्द म्हणून ठेवलेले आणि यंत्राने ते ओळीने चिकटवलेले. तो आवाज अस्सल असायचा, तरी वाक्य गोधडीसारखं. २०१६ मध्ये डीपमाइंड या कंपनीने वेव्हनेट नावाची पद्धत पुढे आणली. तिच्यात ठिगळं जोडणं बंद झालं. आवाजाची लाट यंत्रच एकेका आकड्याने विणायला लागलं. तिथून पुढे सात वर्षांत गाडी इतकी पळाली की २०२३ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने फक्त तीन सेकंदांचा नमुना ऐकून त्या आवाजात बोलणारी प्रणाली दाखवली.

पण बोलणं आणि गाणं यांत फरक आहे. लिहिलेलं वाचून दाखवायला यंत्राला सांगितलं तर ते वाचतं. गाण्यात मात्र प्रत्येक अक्षराला सूर, वजन, लय हवी. ती कुठून आणायची? यावरचा व्यवहारी तोडगा असा की ती आणायचीच नाही. आधी कुणालातरी गायला लावायचं आणि मग त्या गाण्यावरचा फक्त पोत बदलायचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दिवंगत गायकांच्या बहुतेक क्लिपा अशाच बनतात. यंत्र मूळ गाण्यातून तीन धागे वेगळे काढतं: उच्चार, सुरांची रेघ आणि पोत. पहिले दोन तसेच ठेवतं. तिसरा फेकतं आणि त्या जागी दुसऱ्या माणसाचा घालतं.

म्हणून मावशी म्हणाली ते शब्दशः खरं. पोत दीदींचा. सूर, मुरकी, श्वास सगळं त्या पंचविशीतल्या मुलीचं.

या कामासाठी आरव्हीसी नावाचं एक फुकट साधन २०२३ च्या सुरुवातीपासून कुणालाही मिळतं. स्वच्छ आवाजाची दहाएक मिनिटं दिली तरी ते चालतं. मला राहवलं नाही. साउंडचं काम करणाऱ्या एका मित्राला गाठलं. त्याने स्वतःचा पंधरा मिनिटांचा आवाज त्यात घातला. तो बरा गातो. मग मी त्याच्या माइकवर "सुखकर्ता दुखहर्ता"चं एक कडवं म्हटलं आणि ते त्याच्या आवाजात बदललं.

माझा अंदाज होता, आता मी छान गाताना ऐकू येईन. आलं ते असं: "नुरवी"वर मी नेहमी घसरतो. मित्राच्या भारदस्त आवाजातही त्याच जागी, तेवढाच घसरलेला! मित्र खुर्चीत गडबडा लोळला. "माझी इज्जत घालवलीस" म्हणाला. यंत्राने सुरांची रेघ इमानेइतबारे जशीच्या तशी नेली होती. बेसूरपण माझं, बदनामी त्याची.

अजून दोन गोष्टी त्या दुपारी दिसल्या. एकदा पंखा चालू राहिला होता. तर जिथे मी गप्प होतो तिथे मित्राच्या आवाजात कुणीतरी पुटपुटतंय असं ऐकू आलं. यंत्राला पंख्याच्या घरघरीतही माणूस शोधायचा होता. दुसरी गोष्ट 'ळ'ची. "झळके"तला 'ळ' बाहेर आला तो 'ल' आणि 'ड' यांच्या मधे कुठेतरी लटकलेला. याचं कारण समजण्यासारखं आहे. या साधनात उच्चार ओळखणारा जो भाग आहे, तो इंग्रजी पुस्तकं मोठ्याने वाचलेल्या सुमारे हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकलेला आहे. इंग्रजीत 'ळ' नाही. ज्याने 'ळ' कधी ऐकलाच नाही तो जवळचं काहीतरी देऊन वेळ मारून नेणार. तेव्हा मराठी गाणं अशा क्लिपमध्ये आलं तर 'ळ'कडे कान ठेवा. पुढेमागे हा दोष जाईलच, तोवर तेवढीच एक खूण आहे आपल्याकडे.

बाहेर देशात या तंत्राचा एक फार देखणा उपयोग झाला. रँडी ट्रॅव्हिस हा अमेरिकेतला कंट्री संगीताचा मोठा गायक. २०१३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. २०२४ च्या मे महिन्यात त्याचं नवं गाणं आलं, त्याच्याच आवाजात. ते प्रत्यक्ष गायला होता जेम्स डुप्री नावाचा दुसरा गायक. मग जुन्या गाण्यांतून घेतलेला ट्रॅव्हिसचा पोत त्यावर चढवला. ट्रॅव्हिस हयात, त्याचा होकार, आणि खालचा गळा कुणाचा हेही जाहीर. मला हा सगळा प्रकार स्वच्छ वाटतो, कारण यात कुणी काहीही लपवलेलं नाही.

आपल्याकडे ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये 'लाल सलाम' या तमिळ सिनेमातल्या एका गाण्यासाठी बांबा बाक्या आणि शाहुल हमीद या गायकांचे आवाज असे उभे केले. हमीद १९९७ मध्येच गेले होते, बाक्या २०२२ मध्ये. टीका सुरू झाल्यावर रहमान यांनी सांगितलं की दोघांच्या कुटुंबांची परवानगी घेतली आणि मानधनही दिलं. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या मुलाने मात्र एका तेलुगू सिनेमाच्या निर्मात्यांना नोटीस पाठवली होती, वडिलांचा आवाज न विचारता यंत्राने बनवून वापरला म्हणून. दोन्हीकडे तंत्र एकाच जातीचं. एकीकडे आधी विचारलं होतं, दुसरीकडे विचारलंच नाही अशी तक्रार होती.

इथे एक घोळ निस्तरायला हवा, कारण तो शिकलेसवरलेलेही करतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बीटल्स या ब्रिटिश बँडचं 'नाऊ अँड देन' आलं तेव्हा एआयने त्यातल्या दिवंगत जॉन लेननचा आवाज बनवला असं बरेच जण समजले. तसं काही नव्हतं. लेननने सत्तरच्या दशकाच्या शेवटी घरी पियानोवर बसून कॅसेटवर ते गाणं गायलेलं होतं. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी ते पुरं करायचा प्रयत्न केला, पण पियानो आणि कॅसेटची खरखर आवाजाला अशी चिकटलेली की नाद सोडला. मग दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या माणसांनी बीटल्सवरच्या माहितीपटासाठी आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी प्रणाली बनवली, आणि तिने लेननचा गळा पियानोपासून अलगद सोडवला. तांदळातून खडे निवडावेत तसं. तांदूळ मूळचेच. अशा 'निवडण्या'ची साधनं २०१९ पासून सर्वांसाठी खुली आहेत. आवाजाची नक्कल म्हणजे 'क्लोन' करणारेही आधी तीच वापरतात, कारण जुन्या गाण्यातला गळा ऑर्केस्ट्रापासून सुटा केल्याशिवाय यंत्राला शिकवायचं काय? म्हणजे निवडणं ही पहिली पायरी, उसना पोत चढवणं ही पुढची. लेननचं गाणं पहिल्या पायरीवरच थांबलेलं आहे.

आता कायदा. हा भाग वाटतो तितका कंटाळवाणा नाही.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्दांना हक्क आहे, चालीला आहे, ध्वनिमुद्रणाला आहे. आवाजाला नाही. लताबाईंनी गायलेलं अमुक गाणं कुणाच्या तरी मालकीचं असतं, लताबाईंचा पोत कुणाच्याच नोंदवहीत नसतो. मग कलाकार कोर्टात कशाच्या आधारावर जातात? न्यायाधीशांनी निकालांतून घडवत आणलेल्या एका हक्काच्या. माझं नाव, चेहरा, आवाज, लकब यांतून कुणी पैसा करायचा हे मी ठरवणार, असा तो हक्क. अमिताभ बच्चन यांनी २०२२ मध्ये आणि अनिल कपूर यांनी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातून या आधारावर मनाई मिळवली. कपूरांच्या अर्जात "झकास"सुद्धा होतं. गाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाचा. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या प्रकरणात न्यायालयाने अंतरिम आदेशात म्हटलं की कुठलाही आवाज नामवंताच्या आवाजात बदलून देणारी साधनं त्याच्या परवानगीशिवाय लोकांपुढे ठेवणं हाच त्याच्या हक्काचा भंग आहे. म्हणजे क्लिप बनवणाऱ्यापाशी न थांबता न्यायालयाने यंत्र पुरवणाऱ्याचा कान धरला. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयातून तसंच संरक्षण मिळालं.

नकलेचं भांडण यंत्राआधीचं आहे. अमेरिकेत बेट मिडलर या गायिकेने एका मोटारीच्या जाहिरातीसाठी गायला नकार दिला, तर जाहिरातवाल्यांनी तिच्याच साथीला गाणाऱ्या बाईला बोलावलं आणि हुबेहूब तिच्यासारखं गा म्हणून सांगितलं. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने मिडलरच्या बाजूने कौल दिला आणि पुढे ज्यूरीने तिला ४ लाख डॉलर दिले. आपल्याकडच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांत 'अमक्याचा आवाज' म्हणून मिरवणारे गायक पिढ्यान्पिढ्या टाळ्या घेत आलेत आणि त्याबद्दल कुणाला वाईट वाटलेलं मला तरी ठाऊक नाही. मांडवात बसलेल्यांना समोर कोण उभा आहे ते दिसत असतं ना.

दिवंगतांचं काय, हा खरा अडचणीचा प्रश्न. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये म्हटलं की असा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही. याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवा: ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षांचा असतो. म्हणजे १९६४ पर्यंत बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकांवर आता कंपनीचा हक्क उरलेला नाही. चालीचा आणि शब्दांचा हिशोब निराळा, पण गळा शिकायला यंत्राला शब्द-चाल लागतात कुठे? ज्या काळात दीदींचा आवाज सर्वांत कोवळा आणि धारदार होता, नेमकं त्याच काळाचं ध्वनिमुद्रण मोकळं, आणि त्या आवाजाचा कायदेशीर वारस, निदान दिल्लीच्या त्या निकालानुसार, कुणी नाही. ही फट बुजवायला संसदेला कायदा करावा लागेल असं माझं मत आहे. अमेरिकेत टेनेसी राज्याने २०२४ मध्ये आवाजाला थेट संरक्षण देणारा कायदा केला. गायकांच्या जिवावर पोट भरणारं नॅशव्हिल शहर त्याच राज्यात आहे, तेव्हा घाई झाली यात नवल नाही.

एवढ्या सगळ्यात एका माणसाबद्दल कुणीच बोलत नाही. खालचा गळा. मुंबईच्या स्टुडिओंत याला 'स्क्रॅच' गाणं म्हणतात: मोठी गायिका यायच्या आधी होतकरू मुलगी सगळं गाणं गाऊन ठेवते, मग मोठी गायिका ते ऐकून आपलं गाते आणि स्क्रॅच पुसला जातो. हे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि यातून शिकूनच कितीतरी गायक वर आले. आता फरक इतकाच की स्क्रॅच पुसला जात नाही. तोच शेवटपर्यंत राहतो, वर फक्त दुसऱ्याचा रंग.

आणि कायदा वाचताना मला जी गोष्ट सगळ्यात मजेशीर वाटली ती इथे आहे. आवाजाबद्दल गप्प बसणारा तोच कॉपीराइट कायदा गाणाऱ्याच्या 'सादरीकरणा'ला मात्र १९९४ पासून स्पष्ट हक्क देतो, ५० वर्षांचा. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आपलं नाव लागण्याचा हक्कही घातला. आता त्या क्लिपमध्ये सादरीकरण कुणाचं? दीदी तर ते गाणं कधी गायल्याच नाहीत. गायली ती मुलगी. माझ्या वाचनानुसार कायद्याच्या पुस्तकात त्या गाण्याची कलाकार तीच, जिचं अस्तित्वसुद्धा ऐकणाऱ्याला माहीत नाही. अर्थात करारावर सही करून तिने काय काय सोडून दिलं असेल, तो भाग वेगळा.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मिरजेला फोन केला आणि मावशीला सांगितलं, तुझं दोन्ही बाबतीत बरोबर होतं. आवाज त्यांचा, गाणं दुसऱ्याचं.

"मग नाव काय त्या पोरीचं?"

क्लिप परत उघडली. खाली चॅनलचं नाव होतं, दीदींचं नाव होतं, 'एआय' होतं, बेल दाबा म्हणून लिहिलेलं होतं. गाणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मी तसं सांगितलं.

मावशी जरा वेळ गप्प राहिली. मागे कुणीतरी पेटीवर पलटे घोटत होतं.

"सुराला पक्की आहे ती. सापडली तर पाठव इकडे. मुरकी तेवढी सावकाश करून देते."

मग फोन ठेवता ठेवता ओरडली, मला नाही, पेटीवरच्या मुलाला: "अरे, कोमल निषाद आहे तो!"